पदवी नसलेल्या जॉन नेपियरने २० वर्षं घातली आणि जगाचा गुणाकार बेरजेवर आला

शाळेत घातांकाचा धडा सुरू झाला की फळ्यावर पहिला नियम येतो. पाया सारखा असेल तर गुणाकार करताना घातांकांची बेरीज करायची. मग दुसरा नियम, भागाकार असेल तर घातांकांची वजाबाकी करायची. आणि त्यानंतर सगळ्या वर्गाला कोड्यात टाकणारा नियम, शून्य सोडून कोणत्याही संख्येचा शून्यावा घात १ असतो.

पोरं नियम वहीत उतरवतात, पाठ करतात, पेपरात मार्क मिळवतात आणि पुढच्या वर्षी विसरून जातात. याचा उपयोग काय, हा प्रश्न बहुतेकांच्या डोक्यात येतो, पण विचारत कोणी नाही.

तर याच एका नियमाच्या जोरावर स्कॉटलंडमधल्या एका जमीनदाराने साधारण २० वर्षं आकडेमोड केली. तो कुठल्या विद्यापीठात शिकवत नव्हता. त्याच्याकडे पदवी नव्हती. आसपासचे लोक त्याला मांत्रिक समजायचे. पण त्याने जे केलं त्यामुळे खगोलशास्त्रज्ञांचे आणि खलाशांचे महिनोन्महिने वाचले.

त्या माणसाचं नाव जॉन नेपियर.

नेपियरचा जन्म १५५० चा. एडिनबरा शहराजवळ मर्चिस्टन नावाची गढी होती, तिथला. घराणं मोठं, जमीनजुमला भरपूर. गंमत म्हणजे जॉन जन्मला तेव्हा त्याचे वडील आर्चिबाल्ड जेमतेम १६ वर्षांचे होते. आईचा भाऊ अॅडम बॉथवेल हा ऑर्कनीचा बिशप, म्हणजे धर्माच्या क्षेत्रातही घराण्याचं वजन होतं.

१५६३ साली, वयाच्या १३ व्या वर्षी, त्याला सेंट अँड्र्यूज विद्यापीठात पाठवलं गेलं. त्याच वर्षी त्याची आई वारली. नेपियरने तिथली पदवी काही घेतली नाही. तो पुढे युरोपात शिकायला गेला असावा असं मानलं जातं. १५७१ पर्यंत तो परत आला, लग्न केलं, संसार आणि शेतीवाडी बघू लागला. पहिली बायको एलिझाबेथ स्टर्लिंग, तिच्यापासून दोन मुलं. ती १५७९ मध्ये वारली. मग अॅग्नेस चिझमशी दुसरं लग्न झालं आणि आणखी १० मुलं. म्हणजे एकूण १२ मुलांचा बाप, अंगावर इस्टेटीचा कारभार आणि उरलेल्या वेळात गणित, असा सगळा प्रकार होता.

पण त्याला स्वतःला विचारलं असतं तर त्याने गणिताला पहिला नंबर दिला नसता. त्याचा खरा जीव धर्माच्या वादात गुंतला होता.

तो काळच तसा होता. स्कॉटलंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात उभा दावा होता. १५८८ मध्ये स्पेनचं प्रचंड आरमार इंग्लंडवर चालून आलं होतं. ते परतलं, पण भीती गेली नाही. नेपियर कट्टर प्रोटेस्टंट. १५९३ मध्ये त्याने बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकावर एक ग्रंथ लिहिला आणि तो राजा सहावा जेम्स याला अर्पण केला. त्यात गणिती पद्धतीने हिशोब मांडून त्याने जगाचा शेवट १६८८ ते १७०० च्या दरम्यान होणार असं काढलं. पुस्तक युरोपभर गाजलं, भाषांतरं झाली. आपलं नाव पुढे राहील ते याच पुस्तकामुळे, असं नेपियरला वाटत असल्यास नवल नाही.

याच भीतीपोटी त्याने १५९६ मध्ये शस्त्रांच्या काही कल्पनाही लिहून काढल्या. सूर्यकिरण एकवटून शत्रूची जहाजं जाळणारे आरसे, पाण्याखालून चालणारं वाहन, माणसं आत बसून पुढे सरकणारी चिलखती गाडी. दुसरीकडे कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसण्यासाठी त्याने स्क्रूचं यंत्र काढलं.

आता असा माणूस गढीत एकटाच कागद घेऊन बसतो, रात्री उशिरापर्यंत दिवा जळतो म्हटल्यावर गावात चर्चा तर होणारच. नेपियरने काळा कोंबडा पाळला आहे आणि तो त्याला गुपितं सांगतो, अशी वदंता होती. एक किस्सा आजही सांगितला जातो. घरात चोरी झाली तेव्हा त्याने नोकरांना अंधाऱ्या खोलीत एकेकाला पाठवून कोंबड्याला हात लावायला सांगितलं, चोराने हात लावला की कोंबडा ओरडेल म्हणाला. कोंबड्याला आधीच काजळी फासलेली होती. ज्याने भीतीने हात लावलाच नाही, त्याचे हात स्वच्छ राहिले आणि तो सापडला. खरं खोटं माहीत नाही, पण लोक त्याला किती वचकून होते ते यावरून कळतं.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. या माणसाला आकडेमोडीचं एवढं काय पडलं होतं?

१६ व्या शतकात खगोलशास्त्राला बहर आला होता. पण ग्रहाची जागा काढायची म्हणजे त्रिकोणमिती आली, आणि त्रिकोणमिती म्हणजे साइनचे गुणाकार आले. त्या काळी साइन दशांश अपूर्णांकात लिहायची पद्धत रुळलेली नव्हती. अपूर्णांक टाळण्यासाठी वर्तुळाची त्रिज्याच १,००,००,००० म्हणजे एक कोटी धरायचे, म्हणजे साइन पूर्ण संख्येत मिळायची. पण ती संख्या सात अंकी. सात अंकी संख्येला सात अंकी संख्येने हाताने गुणायचं म्हटलं तर ४९ छोटे गुणाकार करायचे आणि वर त्यांची बेरीज. हे एका गणितात एकदा नाही, अनेकदा. आणि एका जागी हातचा चुकला तर सगळं मुसळ केरात.

भागाकार आणि वर्गमूळ तर याहून वाईट.

समुद्रावरच्या खलाशाचंही तेच. तारे बघून जहाज कुठे आहे ते काढायचं, तर हेच गणित. इथे चूक झाली तर जहाज खडकावर.

डेन्मार्कचा खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे आणि त्याची माणसं एक युक्ती वापरायची. त्रिकोणमितीचं एक सूत्र वापरून दोन साइनचा गुणाकार ते बेरीज-वजाबाकीत बदलायचे. ही बातमी राजाचा वैद्य जॉन क्रेग याच्यामार्फत नेपियरपर्यंत पोचली असं मानलं जातं. गुणाकार टाळून बेरजेवर भागतं, हे एकदा कळल्यावर नेपियर दुसऱ्या, जास्त सोप्या वाटेच्या मागे लागला.

ती वाट म्हणजे आपला शाळेतला घातांकाचा नियम. तो कसा कामाला येतो ते बघू. पाया २ घ्या आणि दोन ओळी लिहा.

घातांक : ०, १, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९, १०, ११, १२

संख्या : १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४, २०४८, ४०९६

आता १६ गुणिले १२८ करायचं आहे. गुणाकार करूच नका. १६ च्या वर ४ आहे, १२८ च्या वर ७ आहे. ४ आणि ७ मिळून ११. ११ च्या खाली २०४८. झालं उत्तर.

असं का होतं? १६ म्हणजे चार वेळा २ घेऊन केलेला गुणाकार. १२८ म्हणजे सात वेळा २ घेऊन केलेला गुणाकार. दोन्ही एकत्र केले की अकरा वेळा २ आले. आपण फक्त २ किती वेळा आला ते मोजलं. घातांकांची बेरीज म्हणजे एवढंच.

४०९६ भागिले २५६? १२ वजा ८, म्हणजे ४. खाली १६. ४०९६ चं वर्गमूळ? १२ चं अर्धं ६, खाली ६४.

शून्याव्या घाताचं कोडंही इथेच सुटतं. ८ भागिले ८ केलं तर उत्तर १ येणारच. घातांकांच्या ओळीत ते ३ वजा ३, म्हणजे ० होतं. मग ० च्या खाली १ लिहावाच लागतो, नाहीतर पद्धत मोडते. ४ भागिले ८ केलं तर २ वजा ३, म्हणजे उणे १. त्याच्या खाली येतो एक द्वितीयांश. ऋण घातांक कुठून आला ते असं दिसतं.

ही दोन ओळींची गंमत नेपियरच्या आधीही लोकांना ठाऊक होती. ९ व्या शतकात जैन आचार्य वीरसेन यांच्या धवला टीकेत अर्धच्छेद नावाची कल्पना येते, म्हणजे एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते ते मोजणं. जर्मनीतल्या मिखाएल श्टिफेलने १५४४ च्या पुस्तकात अशा दोन ओळी ऋण संख्यांसकट मांडल्या आणि वरच्या ओळीतल्या आकड्यांना एक्स्पोनंट हे नाव दिलं. योगायोग असा की या श्टिफेलनेही आधी जगबुडीचं भाकीत केलं होतं, १५३३ सालचं. ते चुकल्यावर तो गणिताकडे वळला.

मग नेपियरने वेगळं काय केलं?

वरची दुसरी ओळ परत बघा. १६ नंतर थेट ३२. मधल्या १७ पासून ३१ पर्यंतच्या संख्या गायब. पुढे तर फट वाढतच जाते, २०४८ नंतर एकदम ४०९६. १९ गुणिले ५३ करायचं असेल तर ही ओळ काही कामाची नाही. खगोलशास्त्रज्ञाला ठरावीक तेरा संख्यांचा गुणाकार करायचा नसतो, कुठल्याही संख्येचा करायचा असतो.

नेपियरने ही फट बुजवायची ठरवली. फट मोठी होते कारण २ ने गुणलं की संख्या एकदम दुप्पट होते. मग अशी संख्या घ्या जिने गुणल्यावर आकडा जेमतेम हलेल. त्याने ०.९९९९९९९ घेतली. म्हणजे १ ला किंचित कमी. एक कोटीपासून सुरुवात करून त्याच संख्येने गुणत गेलं की आकडे इतके हळूहळू उतरतात की मधे फट जवळपास उरतच नाही.

यात अजून एक हुशारी होती. ०.९९९९९९९ ने गुणायला गुणाकार लागत नाही. तीच संख्या सात घरं उजवीकडे सरकवून मूळ संख्येतून वजा करायची. १,००,००,००० मधून १ गेला, ९९,९९,९९९ राहिले. त्यातून ०.९९९९९९९ गेला, ९९,९९,९९८.०००००0१ राहिले. फक्त वजाबाकी.

पण अशा बारीक पावलांनी एक कोटीवरून खाली यायचं तर जन्म पुरला नसता. म्हणून त्याने तीन तक्ते केले. पहिल्यात १०० बारीक पावलं. दुसऱ्यात जरा मोठी ५० पावलं. तिसऱ्यात त्याहून मोठी, ६९ स्तंभ आणि प्रत्येकात २१ संख्या. एका तक्त्याचा शेवट पुढच्या तक्त्याच्या पावलाला जुळवून घेतलेला. या सांगाड्यावरून त्याने ० ते ९० अंशांपर्यंत प्रत्येक मिनिटाच्या साइनसाठी एकेक आकडा काढला. या आकड्यांना त्याने ग्रीक शब्दांवरून लॉगॅरिदम हे नाव दिलं. लोगोस म्हणजे गुणोत्तर, अरिथमोस म्हणजे संख्या.

या कामात साधारण २० वर्षं गेली. दुसऱ्या तक्त्यात त्याच्याकडून एक बारीक चूकही झाली, त्यामुळे पुढच्या काही आकड्यांचे शेवटचे अंक किंचित हलले. पण पद्धत पक्की होती.

१६१४ मध्ये पुस्तक छापून आलं. लॅटिनमध्ये, ५७ पानं माहिती आणि ९० पानं तक्ते. नेपियर तेव्हा ६४ वर्षांचा होता.

लंडनच्या ग्रेशम कॉलेजात हेन्री ब्रिग्स भूमितीचा प्राध्यापक होता. पुस्तक हातात पडल्यावर तो वेडाच झाला. १६१५ च्या उन्हाळ्यात त्याने थेट एडिनबरा गाठलं. तेव्हा लंडनहून तिथे पोचायला घोड्यावर, गाडीत कित्येक दिवस जायचे. सांगतात की दोघं समोरासमोर आले तेव्हा जवळजवळ पाव तास कोणी काही बोललंच नाही, नुसते एकमेकांकडे बघत राहिले.

मग कामाचं बोलणं झालं. नेपियरच्या मूळ पद्धतीत एक अडचण होती. त्याने एक कोटीचा लॉग शून्य धरला होता, १ चा नाही. त्यामुळे गुणाकार करताना बेरजेनंतर आणखी एक दुरुस्ती करावी लागायची. ब्रिग्सने सुचवलं की सगळं १० च्या घातांवर बसवावं, कारण आपण मोजतोच दहाच्या पटीत. नेपियरच्याही मनात तसं आलेलं होतं. त्याने त्यात भर घातली, शून्य हा १ चाच लॉग असावा.

म्हणजे शून्यावा घात १, हा जो नियम वर्गात पोरांना जुलूम वाटतो, तो घेतल्यावरच सगळं यंत्र सुरळीत चालू लागलं. १ चा लॉग ०, १० चा लॉग १, १०० चा लॉग २, १००० चा लॉग ३. आता बेरीज केली की झालं, वेगळी दुरुस्ती नको.

पण नवे तक्ते करायचे म्हणजे सगळं काम पहिल्यापासून. नेपियर थकला होता, गाऊटने बेजार होता. ते काम ब्रिग्सने अंगावर घेतलं. १६१६ मध्ये तो पुन्हा मर्चिस्टनला येऊन गेला. तिसऱ्या खेपेला भेट झाली नाही. ४ एप्रिल १६१७ रोजी नेपियर गेला.

जाण्याआधी त्याच वर्षी त्याचं आणखी एक पुस्तक आलं. त्यात गुणाकार करायच्या पट्ट्या होत्या, ज्यांना पुढे नेपियरची हाडं म्हटलं गेलं. २ च्या घातांवर आधारलेली, बुद्धिबळाच्या पटावर सोंगट्या सरकवून गुणाकार करायची रीतही त्यात आहे. तक्ते कसे केले ते सांगणारं पुस्तक १६१९ मध्ये त्याचा मुलगा रॉबर्ट याने छापलं. दशांश चिन्ह म्हणून टिंब वापरायची पद्धत रुळायला नेपियरच्या या पुस्तकांची मोठी मदत झाली.

१६१९ मध्येच योहानेस केप्लरने १६२० सालचं आपलं ग्रहांचं पंचांग नेपियरला अर्पण केलं. नेपियर जाऊन दोन वर्षं झाली आहेत हे त्याला माहीतच नव्हतं. केप्लरने पुढे १६२७ मध्ये ग्रहांचे जे प्रसिद्ध तक्ते काढले, त्यात लॉगॅरिदम वापरले. ब्रिग्सने १६२४ मध्ये हजारो संख्यांचे लॉग १४ दशांश स्थळांपर्यंत काढून छापले. मधल्या उरलेल्या संख्या १६२८ मध्ये नेदरलँड्सच्या अॅड्रियान व्लाकने भरल्या.

आता यातली सगळ्यात भारी गोष्ट. आज शाळेत आधी घातांक शिकवतात आणि लॉग नंतर. इतिहासात उलट घडलं. संख्येच्या डोक्यावर छोटा घातांक लिहायची आजची पद्धत देकार्तने १६३७ मध्ये रूढ केली, म्हणजे नेपियर गेल्यावर २० वर्षांनी. आणि लॉग म्हणजे घातांकच, ही व्याख्या ऑयलरने १७४८ मध्ये ठामपणे मांडली. नेपियरकडे ती खूणच नव्हती. त्याने दोन बिंदूंची कल्पना केली होती. एक बिंदू रेषेवर सारख्या वेगाने चालतो. दुसरा एका ठरावीक टोकाकडे जातो, आणि जसजसं अंतर उरतं तसतसा त्याच प्रमाणात हळू होतो. पहिला बेरजेने पुढे जातो, दुसरा गुणोत्तराने. घातांकाची खूण नसताना त्याने घातांकाचं काम करून घेतलं.

पुढची साडेतीनशे वर्षं लॉग टेबलने राज्य केलं. पट्टीवर लॉगच्या खुणा करून एकमेकींवर सरकवल्या की स्लाइड रूल झाली. इंजिनिअरांच्या खिशात ती असायची, अपोलोच्या मोहिमांतही ती गेली. १९७२ मध्ये एचपी-३५ हा खिशात मावणारा कॅल्क्युलेटर आला आणि स्लाइड रूल बाजूला पडली. पण लॉग गेला नाही. रिश्टर मापनात ६ वरून ७ झालं की नोंदलेली हालचाल दसपट होते, पीएच ७ वरून ६ झाला की आम्लता दसपट होते. हे दोन्ही आकडे १० च्या घातांकावरच चालतात.

नेपियरने काढलेलं जगबुडीचं साल १७०० कधीच मागे पडलं आणि ते पुस्तक आता फारसं कोणी उघडत नाही. मर्चिस्टनची गढी मात्र उभी आहे, तिच्याभोवती आता त्याच्याच नावाचं विद्यापीठ आहे.

आणि आपल्याकडे बारावी बोर्डाच्या फिजिक्सच्या पेपराला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. त्यात २ समोर ०.३०१० आणि ३ समोर ०.४७७१ लिहिलेलं असतं. दोघांची बेरीज ०.७७८१. ६ समोर ०.७७८२ सापडतो, शेवटच्या अंकातला फरक तेवढा आकडे चार घरांपर्यंत तोडल्यामुळे. पाया सारखा असेल तर घातांकांची बेरीज करायची, ती ही.